कूल पापा बेल, मुक्काम बुधवार पेठ

अण्णा अमेरिकेला गेले आणि त्यांना तिथं अन्याय दिसला. सोलापुरात उभा जन्म काढला, इथं कधी दिसला नव्हता. डोळ्यांचा दोष नसणार. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसे दुरून अन्यायही चांगले दिसत असतील.

अण्णा म्हणजे महेश्वरअण्णा, आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. संस्था त्यांच्या वडिलांनी, धोंडप्पांनी काढली. त्यामुळं शाळा, कॉलेज, मैदान, मैदानावरची माती आणि त्या मातीत उभे असलेले आम्ही, सगळं त्यांचंच. मी संघप्रिया तळभंडारे. संस्थेच्या मुलींच्या शाळेत सॉफ्टबॉल शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास आहे तोवर मी आहे.

अण्णांची नात अंकिता तिकडं कॅन्सस सिटीत नोकरी करते. तिनं हौसेनं आजोबांना एक संग्रहालय दाखवायला नेलं. एके काळी अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल संघांत काळ्या माणसाला घेत नसत. कितीही चांगला खेळला तरी नाही. मग त्या माणसांनी स्वतःचे संघ काढले, स्वतःच्या स्पर्धा भरवल्या, आणि खेळ असा केला की बघणाऱ्यानं बघतच राहावं. त्या खेळाडूंचं ते संग्रहालय. ते बघून अण्णा रडले. हे आम्हाला अंकितानं नाही, खुद्द अण्णांनीच सांगितलं, स्टाफ मीटिंगमध्ये, चष्मा काढून, पुसून, परत घालून.

"माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं," अण्णा म्हणाले. "केवळ कातडीच्या रंगावरून माणसाला बाहेर ठेवायचं! आपण कल्पना तरी करू शकतो का?"

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. छे छे, कल्पनाच करवत नाही. मीही हलवली. व्हिसा काढून आलेलं पाणी होतं ते, त्याचा मान राखायला हवा होता.

मग ठरलं, की जिमखान्याच्या हॉलमध्ये या खेळाडूंची 'सन्मान भिंत' उभारायची. बेसबॉलच्या संघात नऊ जण, म्हणून नऊ मोठे फोटो, खाली पितळी पट्टीवर नावं, कायमचे. टाळ्या सगळ्यात आधी पृथ्वीराज सरांनी वाजवल्या. हे संस्थेचे क्रीडा संचालक. सरांना टाळी कुठं वाजवायची ते बरोबर कळतं, बाकी खेळातलं कमी कळतं. टाळ्या संपल्यावर त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "माहिती तळभंडारे मॅडम काढतील. तुमच्या लोकांना या विषयाची आवड असते."

'तुमच्या लोकांना' म्हणजे सॉफ्टबॉलवाल्यांना, असा अर्थ मी घेतला. तासिका तत्त्वावर असलं की असे अर्थ घ्यावे लागतात.

पण खोटं कशाला बोलू, ते काम करताना मी बुडूनच गेले. संध्याकाळी घरी मोबाईलवर वाचायचे आणि आबांना मराठीत सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील, रावसाहेब तळभंडारे. होटगीला रेल्वेत गँगमन होते, रिटायर होऊन इथल्या बुधवार पेठेतल्या घरात बसलेत. बसलेत म्हणायचं एवढंच. अजूनही गल्लीत पोरांचा चेंडू गटाराकडं निघाला की पोरांच्या आधी आबा पोचतात.

मी सांगायचे, की जोश गिब्सन नावाचा एक फलंदाज होता. मोठ्या संघांचं दार काळ्या माणसाला उघडायच्या आधी तीनच महिने तो मेला. सॅचेल पेज नावाचा गोलंदाज होता, त्याला आत घेतलं तेव्हा तो म्हातारा होत आला होता. आणि कूल पापा बेल नावाचा एक जण होता, तो इतका जोरात पळायचा की त्याच्या पळण्याच्या दंतकथा झाल्या. त्याला तर मोठ्या संघात कुणी घेतलंच नाही.

"पापा बेल," आबा हसले. "नाव झ्याक हाय की."

"गावोगाव बसनं फिरायचे आबा. लॉजवर खोली मिळायची नाही, मग बसमध्येच झोपायचं. हॉटेलात बसून जेवता यायचं नाही. मागच्या दारानं पुडकं द्यायचे."

आबा एकदम सावरून बसले. "ताट त्येंचं त्येनीच धुयाचं का?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"इचार की कुणाला तरी," आबा म्हणाले.

हे त्यांनी का विचारलं ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात ही हकीकत भाकरीइतकी रोजची आहे, तरी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आबा याच कॉलेजात शिकले आणि याच मैदानावर सॉफ्टबॉल खेळले. कॉलेजनं विद्यापीठाची स्पर्धा एकदाच जिंकली, ती आबांच्या पायांवर. पळून गाठायच्या चार बेसपैकी पहिल्या बेसवर पोचले की दुसरा त्यांचा झालाच म्हणून समजा. सगळं मैदान ओरडायचं, "राव्या, पळ!" त्याच संघात अण्णा होते. राखीव खेळाडू. अध्यक्षांच्या मुलाला संघात घ्यावं तर लागतं आणि मैदानात उतरवून चालत नाही, अशी पंचाईत झाली की राखीव म्हणतात.

कोल्हापूरहून कप घेऊन आल्यावर धोंडप्पांच्या बंगल्यावर जेवण झालं. शेंगापोळी आणि वर तूप. आबा पंगतीला बसायला गेले तर कुणीतरी दंडाला धरून म्हणालं, "रावसाहेब, तू जरा मागच्या अंगाला ये." मागच्या अंगाला गोठ्याजवळ त्यांना जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वेगळ्या ताटात वाढलं. जेवण तेच, तूपही तेच. धोंडप्पा वाढण्यात कंजूस नव्हते. जेवून झाल्यावर ताट धुऊन पालथं घालायला सांगितलं. आबा नळावर ताट धूत होते तेव्हा पुढच्या अंगणात संघाचा फोटो निघाला. मधल्या खुर्चीत अण्णा, मांडीवर कप. तो फोटो आजही जिमखान्याच्या भिंतीवर आहे. मोजून बघितले तर नऊ जण बरोबर भरतात. आबा नाहीत आणि राखीव अण्णा आहेत, त्यामुळं संघ कसा पूर्ण दिसतो.

त्या वेळचे कोच बसप्पा मास्तर अक्कलकोटचे. त्यांच्या जिवाला हे लागलं. अंतिम सामन्यात पेपरच्या फोटोग्राफरनं आबांचा एकट्याचा फोटो काढला होता. डोक्यावर टोपी, हातमोजा छातीशी धरलेला, चेहरा हसरा. मास्तरांनी तो मोठा करून घेतला, चौकट बसवून आणली आणि जिमखान्याच्या भिंतीसाठी धोंडप्पांपुढं ठेवला. धोंडप्पा "बघू" म्हणाले. फोटो जिमखान्याच्या कपाटात गेला. मास्तर जिवंत होते तोवर भेटले की म्हणायचे, "आगतद, रावसाहेब, आगतद." होईल रे, होईल. मास्तर गेले, धोंडप्पा गेले, आणि 'बघू' तेवढा मागं राहिला.

आबांना दुसरं काही नको होतं. कप नको, सत्कार नको. "त्या भितीवर माजा फोटू लागल्याला बघायचा हाय, डोळं हायत तवर," एवढंच ते म्हणायचे. गेल्या वर्षी मी धीर करून अण्णांना विचारलं होतं. अण्णा अगदी गोड बोलले. "अहो ताई, कुणीही उठून म्हणेल मी खेळलो. पुरावा काही?" मी म्हटलं, पुरावा तुमच्याच कपाटात आहे, फोटो आहे. त्यांनी पृथ्वीराज सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "त्या कपाटाची किल्ली सापडत नाही." झालं. आमच्या घराण्याची सगळी कीर्ती एका किल्लीमागं अडकली होती, आणि संस्थेत कुलूप तोडायची पद्धत नाही.

म्हणून मी जेव्हा आबांना सांगितलं की गिब्सन आणि इतरांचे आकडे अमेरिकेनं दोन हजार चोवीस साली अधिकृत नोंदींत घेतले, आणि फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन सगळ्यांच्या वर गेला, तेव्हा आबांनी पहिला प्रश्न विचारला, "मेल्यावर कितीक वर्सांनी?"

"पाऊणशे तरी."

"मग मला अजून लई टाइम हाय की," आबा म्हणाले, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय बोलताय त्ये जरा कळतंय का?" माझ्या आईचं नाव मनकर्णा. तिला मरणाच्या गोष्टी चालत नाहीत, चेष्टेतही.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पृथ्वीराज सरांचा फोन आला. आठ फोटो छान निघाले होते. नववा, तो कूल पापा बेलचा, मोठा केला की फुटत होता. फ्लेक्सवाला म्हणत होता, नाकाच्या जागी नुसते चौकोन दिसतायत. मी म्हटलं, दुसरा शोधून पाठवते. सर म्हणाले, "नको, नको, झालं काम. जिमखान्यातच एक जुना फोटो मिळाला. टोपीबिपी घातलेला, ग्लोव्ह घेतलेला. कुठल्यातरी फॉरेनच्या मासिकातला असणार. एकदम क्लीअर. काळा आहे, हसतोय, आपल्याला काय, चालतोय की."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मी किल्लीवर विश्वास ठेवून बसले होते. ती सापडत नाही म्हणजे नाहीच, असं मला वाटत होतं. ती कुणासाठी सापडते आणि कुणासाठी नाही, हे डोक्यातच आलं नाही.

कार्यक्रमाला हॉल भरलेला दिसावा म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्यानं घरची दोन माणसं आणायची, असा आमच्याकडं रिवाज आहे. मी आबा-आईला घेऊन गेले. आबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. दारात माझ्याच मुली लेझीम घेऊन उभ्या केल्या होत्या. सॉफ्टबॉलचा सराव बंद ठेवून त्यांना आठवडाभर लेझीम खेळायला लावलं होतं, बेसबॉलच्या सन्मानासाठी. गेटवर फ्लेक्स होता. त्यावर अण्णा पुरुषभर उंच, हात जोडलेले. वरच्या कोपऱ्यात धोंडप्पा. आणि अगदी तळाला एका ओळीत ते नऊ खेळाडू, सुपारीएवढे. एवढ्याशा चेहऱ्यांत कोण कोणासारखा दिसतो ते देवालाही सांगता आलं नसतं.

आम्ही शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. समोर भिंतीवर पडदा. स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलन झालं, ज्यांनी दिवा लावला त्यांचा सत्कार झाला, सत्कार करणाऱ्यांचे आभार झाले. मग अण्णांनी दोरी ओढली. पडदा सरकला.

आबांनी माझा हात धरला. इतका जोरात की बांगडी रुतली.

"संघे," आबा म्हणाले. "त्यो मी हाय की."

शेवटच्या चौकटीत आबा होते. टोपी, हातमोजा, तोच हसरा चेहरा. छातीवरचं कॉलेजचं नाव हातमोज्याखाली झाकलेलं.

"लावला की गं शेवटी," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि हे पाणी विमानानं आलेलं नव्हतं. "म्हणून बोलावलं व्हय आमाला. बोलली न्हाईस ती? मनकर्णा, बघ की, बसप्पा मास्तरनं केलेला फोटू. मास्तर म्हणायचा, आगतद. झालं बघ." त्यांना वाटलं हे माझंच गुपित. मी घडवून आणलं आणि त्यांना चकित करायला इथं आणलं. एवढ्या लांबून पितळी पट्टी त्यांना वाचता येत नव्हती. मला येत होती.

मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस त्या हॉलमध्ये सुखानं बसला होता, आणि मला वाटलं, बसू दे घटकाभर.

मग प्रतिमापूजन सुरू झालं. आता अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूचं प्रतिमापूजन जगात दुसरीकडं कुठं होत असेल असं मला वाटत नाही, पण आमच्याकडं फोटो दिसला की हात आपोआप कुंकवाकडं जातो. पृथ्वीराज सर तबक घेऊन पुढं, अण्णा मागं. काचेवर कपाळाच्या जागी कुंकू, वर अक्षता, मग झेंडूचा हार. गिब्सनला कुंकू लागलं. पेजला लागलं. बिचारे जन्मभर काय काय सोसून गेले, त्यात ही भर. निवेदिका प्रत्येकाचं नाव घेत होती, आणि अण्णांच्या कॉलरला माईक असल्यामुळं त्यांचा सुस्काराही हॉलभर ऐकू येत होता.

अण्णा शेवटच्या चौकटीपुढं आले. आबा खुर्चीत ताठ झाले, सदरा खाली ओढला. आपलं नाव पुकारतील आणि उठावं लागेल, म्हणून तयारी.

अण्णांनी माझ्या वडिलांच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघत लावलं, अगदी हातभर अंतरावरून. या माणसानं एक अख्खा मोसम बाकावर बसून माझ्या वडिलांचं पळणं बघितलं होतं, त्यांच्या पायांनी मिळवलेला कप स्वतःच्या मांडीवर घेऊन फोटो काढला होता. चेहरा मात्र कधी बघितला नव्हता. बघितला असता तर ओळखला असता.

"आणि हे नववे महान खेळाडू," निवेदिका म्हणाली, "वाऱ्याच्या वेगानं धावणारे, कूल पापा बेल!"

अण्णांनी हार घातला. टाळ्या झाल्या.

"अगं बया," आई म्हणाली, "जित्या माणसाला हार?"

आबांनी माझ्याकडं बघितलं फक्त. मी मान खाली घातली, आणि त्या मान घालण्यातून त्यांना सगळं कळलं. ते उठले. मी त्यांच्या सदऱ्याला हात घातला होता की नव्हता मला आठवत नाही. घातला असेल तरी उपयोग नव्हता. पहिल्या बेसवरून सुटलेल्या आबांना विद्यापीठात कुणी धरू शकलं नव्हतं.

मधल्या वाटेनं ते सरळ पुढं गेले, पायऱ्या चढले. एक शिपाई आडवा आला, पण पांढरा सदरा बघून त्याला वाटलं सत्कारमूर्ती असावेत. आबा फोटोपाशी जाऊन उभे राहिले. एकीकडं तो चेहरा, एकीकडं हा. मध्ये फक्त म्हातारपण आलेलं.

"अण्णा," आबा म्हणाले, आणि अण्णांच्या कॉलरच्या माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू आलं, "मी राव्या."

अण्णांनी फोटोकडं बघितलं. मग आबांकडं. परत फोटोकडं. मला शेवटून दुसऱ्या रांगेतून दिसलं की त्यांना ओळख पटली. माणसाला ओळख पटते तेव्हा चेहऱ्यावर जरा तरी उजेड पडतो. इथं उलटं झालं, तोंड उतरलं.

ते पृथ्वीराज सरांकडं वाकले आणि हळूच म्हणाले, "हा फोटो आधी उतरवा."

हळूच म्हणाले, पण माईक त्यांच्याच कॉलरला होता. पहिल्या रांगेतले मान्यवर ते लेझीमवाल्या माझ्या मुली, सगळ्यांनी ऐकलं. अन्यायाची कल्पनाही करवत नव्हती ना अण्णांना? आता करायची गरजच उरली नाही.

सर पुढं झाले. आबांनी हात आडवा केला. "हात लावू नका. माजा हाय, मी काढतो."

"रावसाहेब, जरा गैरसमज झालाय," अण्णा म्हणाले. आता त्यांनी माईक मुठीत धरला होता, पण आवाज मुठीत मावत नव्हता. "आपण तुमचंही बघू. पुढच्या वर्षी. रीतसर ठराव करून."

"अण्णा, मगाशी चालत व्हतो की मी," आबा म्हणाले. "कुकू लावलंत, हार घातलात. पापा बेल म्हणून भितीवर चालतो अन् राव्या म्हणून चालत न्हाय व्हय?"

अण्णांच्या हातात अजून अक्षता होत्या.

आबांनी आधी हार काढला. मग खिशातून रुमाल काढून काचेवरचं कुंकू पुसलं, सावकाश, आरशात आपलंच कपाळ पुसावं तसं. चौकट खिळ्यावरून उतरवली. हार हातात राहिला, त्याचं काय करावं म्हणून त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि मोकळ्या खिळ्याला अडकवून टाकला.

"ह्यो ऱ्हाऊ दे," म्हणाले. "मी अजून हाय जित्ता. तुमचं काय गेलं असंल त्येला घाला."

चौकट छातीशी धरून, चेहरा लोकांकडं करून, ते मधल्या वाटेनं परत आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडं टाळ्या सरांनी सुरू केल्याशिवाय वाजत नाहीत. फक्त दाराशी माझ्या मुलींपैकी कुणीतरी लेझीम एकदाच हलवली, छम्म करून, आणि लगेच थांबवली.

आई उठली, मीही उठले. उद्यापासून माझे तास राहणार नाहीत हे मला उठतानाच कळलं होतं, आणि खरं सांगते, गुडघ्यांना इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. मागं अण्णांचं भाषण सुरू झालं. कार्यक्रमपत्रिकेत होतं, त्यामुळं होणारच. "मित्रहो, वर्णभेद हा मानवतेला लागलेला कलंक आहे." आठ फोटो, एक खिळा, खिळ्याला झेंडूचा हार, आणि पुढं अण्णा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण कुणाला समजत नसेल तर त्यानं त्या वेळी तिथं असायला हवं होतं.

गेटबाहेर रिक्षात बसल्यावर आबांनी चौकट मांडीवर घेतली आणि बोटानं खालची पितळी पट्टी चाचपली; बारीक अक्षर त्यांना लागेना. ती चौकटीलाच स्क्रूनं बसवलेली होती, त्यामुळं आमच्याबरोबर आली होती.

"काय लिवलंय ह्याच्यावर?"

"कूल पापा बेल."

"त्यो पळणारा?"

"हो."

"त्येचं म्हातारपणी काय झालं गं?"

"सिटी हॉलमध्ये झाडलोट करायचा. नंतर तिथंच रात्रीचा पहारेकरी होता."

आबांनी पट्टीवरून परत एकदा बोट फिरवलं. रिक्षा बुधवार पेठेकडं वळली. मला वाटलं आता रडतील. मी म्हटलं, "घरी गेल्यावर पट्टी काढून टाकते आबा. स्क्रू ड्रायव्हरनं लगेच निघेल."

"का म्हणून?" आबा एकदम चिडले. इतका वेळ अण्णांवर चढला नव्हता तो आवाज माझ्यावर चढला. "त्येलाबी त्या भितीवरनं काढलं की आत्ता. माज्यापायी काढलं. त्यो कुटं जाईल आता?"

खरंच होतं. आठ राहिले होते. बेलला मोठ्या संघात जागा मिळाली नव्हती, आणि आता सोलापुरातल्या जिमखान्याच्या भिंतीवरूनही तो बाहेर आला होता, तोसुद्धा त्याच्या सन्मानाच्या दिवशी.

"पट्टी ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "त्येच्या खाली माजं नाव लिव. दोगंबी ऱ्हातो एकात."

घरी आल्यावर आईनं आधी त्यांच्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली, कारण जित्या माणसाला हार घातला होता. मग मी खिळा ठोकला, आणि आबा लांब उभं राहून, डोळे बारीक करून, जरा डावीकडं, जरा वर, असं सांगत राहिले.